गयानाच्या तेलाने त्रिनिदादची सद्दी संपली का?

प्रश्न (अर्थजिज्ञासू): कॅरिबियनमध्ये तेल-वायू म्हणजे त्रिनिदाद, असं समीकरण होतं. आता सगळे गयानाचं नाव घेतात. पैसा खरंच तिकडे वळलाय?

खनिजवाचक: कच्च्या तेलात गयाना केव्हाच पुढे गेलाय. 2015 मध्ये लिझा साठा सापडला, डिसेंबर 2019 मध्ये उत्पादन सुरू झालं. पण एक्सॉनच्या गटाशी झालेला करार वाचा: 2% रॉयल्टी, एकूण तेलातून कंपन्यांची खर्चवसुली 75% पर्यंत, मग उरलेला नफा निम्मा-निम्मा. म्हणजे 100 डॉलरच्या तेलामागे सरकारला सुरुवातीला साधारण साडेचौदाच. शिवाय नव्या विहिरींचा खर्च जुन्यांच्या तेलातून वळता होतो, त्यामुळे वाटा वाढायला वेळ लागतो. हीच खरी मेख!

बंदरकर: त्रिनिदादचं दुखणं वेगळं आहे, वायूच कमी पडतो. निर्यातीसाठी वायूचा द्रव (एलएनजी) करणाऱ्या चार युनिटांपैकी पहिलं त्यामुळेच बंद पडलं. प्वाँत-आ-पिएरची रिफायनरी तर 2018 पासून बंद. व्हेनेझुएलाच्या ड्रॅगन या समुद्री साठ्यातला वायू आणायचा, तर अमेरिकी निर्बंधांमुळे वॉशिंग्टनची परवानगी लागते.

खनिजवाचक: आणि दोन देशांतल्या वादाची खरी ठिणगी 2021 च्या गयानी स्थानिक सहभाग कायद्याची. चाळीस प्रकारच्या कामांत गयानी कंपन्यांसाठी ठरावीक किमान वाटा राखीव, त्या कंपन्यांची मालकी किमान 51% गयानी हवी. अनुभवी त्रिनिदादी ठेकेदाराला भागीदार शोधावाच लागतो. कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या गटाच्या मुक्त बाजाराशी हे जुळत नाही, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

अर्थजिज्ञासू: सुरिनामचं काय?

बंदरकर: ग्रानमोर्गू प्रकल्प, पहिलं तेल 2028 मध्ये अपेक्षित. क्षमता रोज 2,20,000 बॅरल.