एलएनए (अँटेनाचा बारीक सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) लावल्यावर रिसेप्शन आणखी बिघडलं, काय चुकतंय? सल्ला द्या

खरखरवाला:
मंडळी मदत पाहिजे. मेटेऑर या रशियन हवामान सॅटेलाइटचे फोटो उतरवायचा नाद लागलाय, २०२५ मध्ये नोआचे (अमेरिकन हवामान सॅटेलाइट) तिन्ही बंद पडले तेव्हापासून हेच उरलंय. गच्चीवर व्ही-डायपोल अँटेना, तिथून १५ मीटर आरजी-५८ केबल खाली टेबलापर्यंत आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर). १३७.९ मेगाहर्ट्झवर फोटो यायचे पण वरखाली पट्टे तुटलेले, म्हणून एक वाइडबँड एलएनए घेतला, २० डीबीवाला म्हणजे पॉवर शंभर पट करणारा, डोंगलच्या तोंडाशीच लावला, डोंगलचा स्वतःचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) नेहमीसारखा फुल म्हणजे ४९.६ डीबी. आता वॉटरफॉल (स्क्रीनवरचा सिग्नलचा सरकता आलेख) नुसता पिवळाधमक झालाय, सॅटडम्प (सिग्नलमधून फोटो काढणारं सॉफ्टवेअर) लॉकच घेत नाही आणि गंमत म्हणजे १२० मेगाहर्ट्झला चक्क गाणी ऐकू येतायत!! एलएनए खराब निघाला का? दुसरा कुठला घेऊ ते सांगा.

डीबी_मोजणारा:
दुसरा घेऊ नका, आहे तो बरा असणार. ती गाणी म्हणजे तुमच्या एफएम स्टेशनांची भुतं आहेत. समजा एक स्टेशन १०४ वर आणि एक ८८ वर, दोन्ही जोरात आले की अॅम्प्लिफायर वाकतो, म्हणजे त्याला पेलत नाही, आणि दोनदा १०४ वजा ८८ म्हणजे १२० वर तिसरंच काहीतरी तयार करतो, जे हवेत नाहीच. १३७ वर भूत दिसलं नाही तरी तिथला बारीक सिग्नल दबतो. तुमचं डोंगल ८ बिटचं, एका वेळी जेमतेम ५० डीबीचा फरक पेलतं, त्यात तुम्ही आधीच फुल गेनवर होता आणि वर आणखी २० डीबी ओतले.

जुनी_व्हॉल्व्ह:
पण गेन कमी केला तर वीक सिग्नल येणार कसा? मी तर कायम फुलच ठेवतो.

डीबी_मोजणारा:
@जुनी_व्हॉल्व्ह गेन वाढवला की सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच वाढतो ना दादा. कामाचं आहे ते दोघांमधलं अंतर, म्हणजे एसएनआर. गेन शून्यापासून एकेक पायरी वर न्या. सुरुवातीला नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाची खरखरीची पातळी) जागचा हलत नाही, कारण तो डोंगलचा स्वतःचा असतो. मग एका जागेपासून गेनच्या पायरीबरोबर फ्लोअरही वर जायला लागतो, तिथून पुढे एक-दोन पायऱ्या आणि बास. त्यानंतरचा गेन फक्त डोक्यावरची जागा, म्हणजे जोरदार सिग्नल पेलायची शिल्लक, खातो. स्क्रीनवर सिग्नल उंच दिसला म्हणून खूश व्हायचं नसतं.

गच्चीवरचा_माणूस:
मुख्य चूक कोणी सांगितलीच नाही अजून. एलएनए खाली टेबलावर का?? १५ मीटर आरजी-५८ मध्ये या फ्रिक्वेन्सीला साधारण ३ डीबी जातात, म्हणजे निम्मी पॉवर एलएनएपर्यंत पोचायच्या आधीच गेली, आणि गेलेला सिग्नल मागून कितीही गेन लावला तरी परत येत नाही. फ्रिसने १९४४ मध्येच हे गणित मांडून ठेवलंय, साखळीतल्या पहिल्या कडीचा नॉइज सगळ्यात जास्त भोवतो, मागच्यांचा त्या गेनने भागला जातो. डोंगलचा नॉइज फिगर (तो स्वतःचा किती नॉइज मिसळतो ते) साडेतीन डीबी आणि एलएनएचा १ धरला तर एलएनएशिवाय केबलसकट तुमचा साडेसहा, एलएनए खाली लावून ४ आणि तोच एलएनए अँटेनापाशी लावला तर १.१ च्या आसपास. एक रुपयाही खर्च न करता! फक्त वर नेऊन लावा, डबीत बंद करून, पाणी जाऊ देऊ नका. पॉवर बायस-टीने (सिग्नलच्याच केबलमध्ये डीसी सोडायची सोय) केबलमधूनच द्या, पण एलएनए काढून ठेवलेला असताना बायस-टी चालू ठेवू नका, काही अँटेना डीसीला सरळ शॉर्ट असतात.

डीबी_मोजणारा:
बरोबर, पण नुसता वर नेला तर एफएम वरही त्याला वाकवणारच. एफएम बँडस्टॉप फिल्टर (फक्त एफएमचा पट्टा अडवणारा) घ्या आणि तो एलएनएच्या आधी, अँटेनाच्या बाजूला. फिल्टर अर्धा-एक डीबी खातो आणि तो सरळ नॉइज फिगरमध्ये मिळतो हे खरं, पण वाकलेल्या एलएनएपेक्षा परवडतं. आणि कागदावरचा १.१ पाहून हुरळू नका, १३७ ला आकाशाचा आणि आजूबाजूच्या चार्जर-एलईडीचा नॉइजच इतका असतो की प्रत्यक्षात फायदा कमीच दिसतो.

नवशिक्या_७:
मध्येच विचारतो, भूत आहे का खरा सिग्नल हे कसं ओळखायचं? मी डोंगलचा गेन कमी करून बघतो पण दोन्ही सारखेच खाली येतात

डीबी_मोजणारा:
@नवशिक्या_७ म्हणजे वाकतोय तो एलएनए, डोंगल नाही, म्हणून मागून गेन कमी करून फरक पडत नाही. एलएनएच्या आधी ६ डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा) घाला. खरा सिग्नल ६ नेच पडेल, असलं भूत १८ च्या आसपास पडेल.

नवशिक्या_७:
भारी. शॉर्टवेव्हला पण असाच एलएनए लावू का मग?

गच्चीवरचा_माणूस:
अजिबात नको. ३० मेगाहर्ट्झच्या खाली बाहेरचाच गोंगाट डोंगलच्या नॉइजच्या कितीतरी वर असतो. अँटेना काढा, फ्लोअर धपकन खाली आला तर समजायचं की रिसीव्हरला पुरेसं ऐकू येतंय. तिथे उलट अटेन्युएटर लागतो. पैसे केबलवर आणि अँटेना घरापासून लांब न्यायला घाला.

खरखरवाला:
अपडेट देतो. फिल्टर यायला वेळ होता म्हणून आधी नुसता एलएनए वर नेला, गाणी तशीच. काल फिल्टर आला, अँटेना-फिल्टर-एलएनए असं जोडलं, गेन पायरीपायरीने लावत २२.९ वर थांबलो आणि संध्याकाळच्या पासला (सॅटेलाइट वरून जाताना) सॅटडम्पमध्ये एसएनआर ५ वरून ११ झाला! फोटो पहिल्यांदा अखंड आला, फक्त शेवटी क्षितिजापाशी थोडा फाटला. १२० वरची गाणीही गेली. एलएनएला उगाच शिव्या घातल्या. आता एकच प्रश्न उरलाय, रोज रात्री ठीक आठला फ्लोअर १० डीबी वर चढतो, घरातलं एकेक स्विच बंद करून बघतोय, अजून सापडलं नाही.

जुनी_व्हॉल्व्ह:
मेन स्विच बंद करून डोंगल लॅपटॉपच्या बॅटरीवर चालवून बघा, तरी राहिला तर शेजारी. आणि हो, मीही गेन कमी करून पाहिला. बोलत नाही काही.