रॉकेट इंजिनचं फिजिक्स शिकायला आधी कुठलं पुस्तक घेऊ?

पौडफाट्यावरचा
मेकॅनिकल सेकंड इयर, थर्मो झालंय (म्हणजे सुटलोय). रॉकेट इंजिन मुळापासून समजून घ्यायचंय. सगळे सटनच्या 'रॉकेट प्रोपल्शन एलिमेंट्स' या पुस्तकाचं नाव घेतात म्हणून काल अप्पा बळवंत चौक पालथा घातला, गाईडं सोडून काही मिळालं नाही, एका काकांनी तर दिवाळीला ये म्हणून सांगितलं. ऑनलाइन नवीन प्रत जाम महाग आहे, घेऊ का?

जुना_मेकॅनिकल
सटन १९४९ पासून चालतंय, त्यात सगळं आहे आणि तोच घोळ आहे, नवीन माणूस हरवतो. तू अडकणार नोझलला, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोंडाला. पाइप चिमटला की पाणी जोरात येतं हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, मग थ्रोटच्या (सगळ्यात अरुंद जागेच्या) पुढे नोझल रुंद होत जातं तरी गॅसचा वेग वाढतोच कसा? तर थ्रोटला मॅक १ (म्हणजे तिथल्या आवाजाइतका वेग) झाला की पुढे वेग वाढतो त्यापेक्षा डेन्सिटी भराभर पडते, मग तेवढाच गॅस जायला जागा जास्त लागते. हे अंगात मुरेपर्यंत अँडरसनचं मॉडर्न कॉम्प्रेसिबल फ्लो वाच, नोझलच्या चॅप्टरपर्यंत पुरे. सोबत एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन लेक्चर्सच्या साइटवर) आयआयटी मद्रासच्या राममूर्ती सरांची रॉकेट प्रोपल्शनची लेक्चर्स, फुकट आहेत.

टर्बोपंप_ताई
एवढं थांबलास तर उत्साह मरेल रे. नासाचं एसपी-१२५, हझेल आणि हुआंगचं रॉकेट इंजिन डिझाइनचं पुस्तक, पीडीएफ फुकट मिळतं, ते शेजारी उघडं ठेव. इंजेक्टर, पंप, कूलिंग सगळं आहे, फक्त पाउंड-इंचात आहे त्यामुळे डोकं फिरतं. आणि एक सांग बघू, हायड्रोजन पूर्ण जळायला वजनाने ८ पट ऑक्सिजन लागतो, तरी इंजिनं ५-६ पटीवरच का चालवतात?

पौडफाट्यावरचा
ताई, जास्त तापू नये म्हणून?

टर्बोपंप_ताई
अर्धे मार्क. उरलेला हायड्रोजन हलका असतो ना, त्यामुळे एक्झॉस्टचा सरासरी रेणुभार उतरतो, आणि वेग ठरतो तापमान भागिले रेणुभार याच्या वर्गमुळावर. तापमान थोडं गेलं तरी चालतं.

जुना_मेकॅनिकल
सटन विकत घेऊ नको, माझ्याकडे सातवी आवृत्ती पडून आहे, रविवारी कर्वेनगरला येऊन घेऊन जा. मार्जिनमध्ये पेन्सिलने शिव्या आहेत, त्या खोडू नको, तिथेच मी अडकलो होतो.