शकुंतलेची मालकी आणि मूर्तिजापूरचे हमाल
"शकुंतला एक्सप्रेस अजून इंग्रजांच्या मालकीची आहे आणि आपण लंडनला पैसे पाठवतो" हे इथल्या चर्चेत पुन्हा आलंय. तसं नाही. शकुंतलेची ही यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर छोटी लाइन किलिक निक्सनने 1910 मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. किलिक निक्सन मुंबईचीच पेढी, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. इंग्रज मालक हे पेपरवाल्यांचं लाडकं प्रकरण आहे, झालं! पुलगाव-आर्वी हीसुद्धा याच कंपनीची, तिचं मात्र कोणी नाव काढत नाही.

"ट्रक आले म्हणून गाडी बंद पडली" हा चर्चेतला दुसरा मुद्दा अर्धाच खरा वाटतो. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, त्यामुळे हे डबे मोठ्या लाइनवर जात नाहीत. म्हणजे यवतमाळहून 113 किलोमीटर आलेली कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवायची आणि मोठ्या गाडीत पुन्हा चढवायची. दुहेरी हमाली. ट्रक मात्र जिनातून (सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यातून) थेट मुंबईला. माझं आजोळ दारव्ह्याचं. ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेसने मूर्तिजापूर आणि पुढे ही गाडी, असा सुट्टीतला प्रवास. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की परत जाऊन उघडायचा. आम्ही पोरं तेवढ्यात खाली उतरून बोरं गोळा करायचो. तेव्हा इंजिन वाफेचंच होतं, 1921 चं, मँचेस्टरला बनलेलं (वऱ्हाडचा कापूसही तिकडेच जायचा). डिझेल आलं 1994 च्या एप्रिलमध्ये. त्यानंतर डोळ्यात कोळशाचे कण जायचे बंद झाले, वेग मात्र तोच.