शिकवलं म्हणजे मालकी आली का?

सुईदोरा
'खडूची धूळ' यांचं परवाचं लिखाण वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढते. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर सेवानिवृत्त शिक्षक. घरकाम करणाऱ्या चाळिशीच्या एका बाईंना त्यांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी फुकट शिकवलं, १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा) भरून दहावीला बसवलं. बाई पास झाल्या. पुढे मुक्त विद्यापीठात नाव घातलं ते सरांना न विचारता, आणि नवऱ्यापासून वेगळी खोली केली तीही न सांगता. सरांनी शेवटी लिहिलंय, 'अक्षरं आली, नम्रता गेली. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं का, असं मनात येतं.'

हे वाक्य मला फार लागलं. मीही १७ नंबरवालीच. शाळा सातवीत सुटली, पस्तिसाव्या वर्षी परत पुस्तक हातात घेतलं. शाळा सोडल्याचा दाखला काढायलाच तीन खेपा झाल्या. मला शिकवणाऱ्या बाई जीव तोडून शिकवायच्या, ते मी कधी विसरणार नाही. पण एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर 'विद्यार्थीनी' असं लिहिलं. मी म्हटलं, 'बाई, थ ला पहिली वेलांटी ना?' नियम त्यांनीच आदल्या आठवड्यात सांगितला होता. बाई क्षणभर थांबल्या आणि डस्टर घेऊन त्यांनी अख्खी ओळ पुसली. नुसती वेलांटी पुसली असती तरी चाललं असतं. त्यानंतर मला वाचायला उठवायचं त्यांनी जवळजवळ बंदच केलं.

मी काय चुकले, हा विचार मी कित्येक महिने करत होते. आज कळतं की मी शिकले होते, एवढंच झालं होतं.

खडूची धूळ
सुईदोराताई, शीर्षकातला 'मालकी' हा शब्द मला मान्य नाही. चौतीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलो, कुणावर मालकी सांगितली नाही. दोन वर्षं रोज दीड तास दिला, एक पैसा घेतला नाही. एवढं केल्यावर 'सर, मी असं असं करतेय' हे एक वाक्य ऐकायला मिळावं अशी अपेक्षा धरली, तर काय बिघडलं? मुलं मोठी होऊन दूर गेली तरी फोन करतातच ना?

पायवाट
त्या तुमची मुलगी नाहीत, सर. चाळीस वर्षांच्या बाई आहेत. त्यांनी संसार केलाय, पोरं वाढवलीत. तुम्ही त्यांना वाचायला शिकवलंत, जगायला नाही. आणि त्यांचा नवऱ्याशी काय प्रश्न आहे हे चार लोकांत लिहिताना तुम्ही त्यांना विचारलं होतं का?

चौथा तास
मला वेगळंच म्हणायचं आहे. प्रौढांना शिकवण्याचं काम सरकारला एवढं महत्त्वाचं वाटतं, तर ते वेळी-अवेळी आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात का? नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७. वर्षभर निरक्षर शोधा, ऑनलाइन नोंदवा, मार्चमध्ये त्यांना १५० गुणांच्या चाचणीला बसवा. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी या कामावर बहिष्कार घातला तेव्हा आम्हाला कामचुकार म्हटलं गेलं. आजीबाई परीक्षेला बसल्या की फोटो छापून येतो. सहीच्या पुढे त्या गेल्या का, हे बघायला पुन्हा कुणी फिरकत नाही.

सुईदोरा
तुमचं गाऱ्हाणं खरं आहे, पण इथे प्रश्न सहीच्या पुढे गेलेल्या बाईचाच आहे.

तळटीप
सरांचं वाचताना मला गोपाळराव जोशी आठवले. आनंदीबाईंनी शिकावं म्हणून त्या माणसानं जिवाचं रान केलं. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई डॉक्टर व्हायला नवऱ्याशिवाय अमेरिकेच्या बोटीत बसल्या. आणि त्या फिलाडेल्फियात स्वतःच्या हिमतीवर शिकायला लागल्या, तशी गोपाळरावांच्या पत्रांची भाषा कडवट होत गेली. थंडीसाठी गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली, तर त्याचाही खुलासा करावा लागला. शेवटी आनंदीबाईंनीच एका पत्रात त्यांना जुन्या गोष्टींची आठवण दिली: लहानपणी लाकडानं मारलेलं, अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या, सोडून जायची धमकी. शिकवताना हे सगळं चालून गेलं होतं. शिकलेल्या बाईनं ते लिहून काढलं.

ओसरी
आलात मूळपदावर! गोपाळरावांना झोडपणं ही आता फॅशन झाली आहे. त्या काळात लहानग्या बायकोला चुलीपुढून उठवून पुस्तकापुढे बसवणारा दुसरा पोस्टातला कारकून मला दाखवा. गोपाळराव नसते तर मार्च १८८६ ची ती डॉक्टरकीची पदवी नसती. आणि सगळेच नवरे कडवट झाले असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं, घरातल्या बायकांचे टोमणे सोसून त्या शिकल्या. तिथे कुठे अस्वस्थता दिसली?

तळटीप
रानडे १९०१ साली गेले. पुण्याचं सेवासदन १९०९ चं. रमाबाई बायकांसाठीची ती संस्था चालवायला लागल्या तेव्हा ते बघायला नव्हतेच. त्यामुळे हे उदाहरण तुमच्या बाजूनेही उभं राहत नाही आणि माझ्याही. खरी कसोटी शिक्षक हयात असताना लागते. ती बघायची तर सावित्रीबाईंचं ऑगस्ट १८६८ चं पत्र बघा. त्या तेव्हा माहेरी, नायगावला होत्या. गावातल्या एका ब्राह्मण तरुणाला आणि त्याच्या महार प्रेयसीला लोक मारायला निघाले होते. त्यांनी मध्ये पडून दोघांना वाचवलं आणि मग जोतीरावांना कळवलं. परवानगी मागत बसल्या नाहीत. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (विस्तवाचं मडकं) धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाईच.

ओसरी
फुल्यांचं नाव घेतलं की समोरच्यानं गप्प बसायचं, ही युक्ती जुनी झाली. शंभरात एक माणूस जोतीराव असतो. बाकीचे नव्व्याण्णव आमच्यासारखे असतात, त्यांना राग येतो, वाईट वाटतं. म्हणून त्यांनी शिकवूच नये का?

तळटीप
राग येऊ द्या. तो शिकणाऱ्याच्या माथी मारू नका. तुम्हाला एवढा साधा फरक कळत नसेल तर माझा नाइलाज आहे.

ओसरी
कळतो. मारहाणीचं समर्थन मी केलं नव्हतं आणि करणारही नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. यापुढे मात्र एक इंच मागे येणार नाही.

दुसरा बाक
तुमचं भांडण थांबलं असेल तर माझं ऐका. माझ्या आईला मी शिकवलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. आधी सही, मग आकडे, मग पासबुक. एक दिवस तिनं पासबुक पुढे केलं आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, 'हे मार्चमध्ये कोणी काढले?' मीच काढले होते. दुकानात अडचण होती, परत भरणार होतो, तिला सांगितलं नव्हतं. तोवर तिचा अंगठा मीच धरून शाईच्या पॅडवर टेकवत होतो. ती ओरडली नाही. बोटसुद्धा उचललं नाही त्या ओळीवरून. मी पैसे भरले. पण खरं सांगतो, त्या रात्री माझ्या मनात आलं होतं की हिला वाचायला शिकवलं नसतं तर? सरांचं वाक्य जसंच्या तसं. म्हणून मला ते वाक्य ओळखू येतं.

पायवाट
दुसरा बाक, हे लिहायला धीर लागतो.

खडूची धूळ
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. तळटीप, माझी बरोबरी गोपाळरावांशी करायला नको होती. मी हात कधी उचलला नाही.

पण एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. त्यांची बँकेची स्लिप दोन वर्षं मी भरत असे. निकालानंतर आम्ही बँकेत गेलो, मी सवयीनं खिशातलं पेन काढलं. त्यांनी काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि स्लिप भरायला सुरुवात केली. रक्कम अक्षरी लिहिताना जरा अडखळल्या. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर लिहून झालं होतं. बरोबर होतं. मी पेन हातात धरून तसाच उभा. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण नंतर, घरी आल्यावर. त्या क्षणी मला काय वाटलं ते चांगलं नव्हतं.

कळवायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे. ते मी मागे घेणार नाही. पायवाट यांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या हे मी त्यांना न विचारता लिहिलं. त्या दोन ओळी आज काढतो. सुईदोराताई, तुमच्या धाग्यातूनही तेवढं काढा.

सुईदोरा
काढायला सांगितलं आहे, सर.