युरेल पास : १० दिवसांचा की १५ दिवसांचा?

प्रश्न : पॅरिस, झुरिक, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट असा महिनाभराचा प्रवास रेल्वेनेच करण्याचा आमचा विचार आहे. दोन महिन्यांत १० दिवस वापरता येणारा युरेल पास (युरोपातील अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास) पुरेल का?

उत्तर : सहज पुरेल. मात्र पास हाती आहे म्हणून जागा मिळेलच असे नाही, कारण फ्रान्समधील टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांसाठी आरक्षण सक्तीचे असून त्याचे पैसे वेगळे पडतात आणि पासधारकांसाठीच्या जागा लवकर संपतात. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांत थेट चढता येते.

उत्तर : झुरिक-व्हिएन्ना रात्रीच्या गाडीने करा. थेट गाडी मध्यरात्रीपूर्वी निघत असेल, तर पासचा एकच दिवस खर्ची पडतो. गाडीत चढण्यापूर्वी तो प्रवास पासच्या मोबाइल अॅपमध्ये नोंदवा. मी विसरलो होतो आणि तिकीट तपासनीस समोर उभा असताना मोबाइलचे नेटवर्क शोधत बसलो होतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. टीजीव्हीचे आरक्षण आधी करतो.