व्हिएतनामचा पहिला प्रवास: सुरुवात कोठून करावी? (सल्ला हवा आहे)

सहकारनगरवासी:
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे यजमान आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असे चौघे व्हिएतनामला जाण्याचा विचार करीत आहोत. एका पर्यटन कंपनीने हनोई, हालाँग उपसागर, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश हे सारे एका आठवड्यात बसवून दिले आहे. कागदावर ते आकर्षक दिसते. परंतु सगळे सामान बांधण्या-सोडण्यातच जाईल, अशी धास्ती वाटते. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. ज्यांनी हा देश स्वतः पाहिला आहे त्यांनी, तेथे पोहोचल्यावर प्रथम काय जाणवते आणि ज्येष्ठांना काय झेपते, हे कृपया सविस्तर सांगावे.

पेठेतला प्रवासी:
ताई, आपली धास्ती रास्त आहे. हनोईपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंतचा लोहमार्ग 1,726 किलोमीटरचा आहे, यावरून देशाच्या लांबीची कल्पना यावी. माझा स्पष्ट सल्ला असा की दक्षिण भाग (हो ची मिन्ह सिटी व मेकाँग) या वेळी सोडून द्यावा आणि हनोई व मध्य व्हिएतनाम (दा नांग, होई आन) एवढेच निवांतपणे पाहावे. हालाँगही ऐच्छिक समजावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. दिवाळीचे दिवस म्हणजे मध्य व्हिएतनाममधील ऐन पावसाळा. आपल्याकडे पाऊस परततो तेव्हा त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वारे पाऊस घेऊन येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या जुन्या वस्तीत नदीचे पाणी शिरण्याचे प्रसंग वारंवार येतात. रजा पुढे ढकलता येत असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ निवडावा. मात्र जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी येणारे त्यांचे नववर्ष, म्हणजे तेत, टाळावे, कारण त्या दिवसांत दुकाने बंद आणि गाड्या भरलेल्या असतात.

आता प्रथमदर्शनी काय वाटते ते. विमानतळावरून शहरात येताना दुचाक्यांचा जो लोंढा दिसतो, त्याने पुणेकर दचकणार नाही. मात्र पायी रस्ता ओलांडण्याची तेथील रीत शिकून घ्यावी लागते. एका संथ, सारख्या गतीने चालत राहायचे. मध्येच थांबायचे नाही, धावायचे नाही आणि मागे तर मुळीच यायचे नाही. दुचाकीस्वार तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. सासू-सासऱ्यांना मधे घेऊन चौघांनी एकत्र ओलांडावे आणि लांबच्या अंतरासाठी 'ग्रॅब' या मोबाइल ॲपवरून गाडी बोलवावी, म्हणजे भाड्याची घासाघीसही करावी लागत नाही.

हनोईतील पहिली सकाळ होआन किएम तलावाकाठी घालवावी. उजाडताच तेथे वयस्कर मंडळी व्यायामाला जमतात. कोणी संथ हालचालींचे ताई ची करते, कोणी हातातला पंखा फडकन उघडून तालावर पावले टाकते. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून पहिला मुक्काम शनिवार-रविवारला जोडून घेतल्यास ज्येष्ठांची चांगली सोय होते. लगतच्या जुन्या वस्तीत धंद्यांवरून नावे पडलेल्या गल्ल्या आहेत: हांग बाक चांदीची, हांग मा कागदी पूजासाहित्याची, हांग थिएक पत्र्याच्या वस्तूंची. या शेवटच्या गल्लीत कारागीर पदपथावरच बैठक मांडून पत्रा ठोकत असतात आणि तो आवाज ऐकताना मला आपल्या तांबट आळीची फार आठवण झाली. अशा गल्ल्यांतून हळूहळू चालणे हीच त्या देशाची खरी ओळख आहे आणि आठवड्याच्या धावत्या सहलीत नेमके तेच हरवते.

पैशांबाबत एक सावधगिरी: एका रुपयाला साधारण 300 डोंग मिळतात, त्यामुळे शून्यांचा गोंधळ होतो. शिवाय 20,000 आणि 5,00,000 च्या नोटा दोन्ही निळसर आहेत. त्या पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात.

अलकनंदा:
जेवणाविषयी मी लिहिते, कारण मीही अंडे खात नाही. तेथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात आणि ज्या पाटीवर हा शब्द असेल तेथे निःशंकपणे जावे. बौद्ध परंपरेनुसार चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पुष्कळ लोक मांसाहार वर्ज्य करतात. त्यामुळे अशी भोजनालये लहान गावांतही आढळतात आणि त्यांतील कित्येक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. इतरत्र मात्र केवळ 'मांस नको' म्हणणे पुरत नाही. 'फो' या नूडल्सच्या सुपाचे पाणी हाडांचे असते आणि साध्या परतलेल्या पालेभाजीतही माशांपासून केलेला नुओक माम हा सॉस पडतो. दशम्या, मेतकूट आणि भाजलेले पोहे सोबत असावेतच. पण सासूबाईंना तेथील टोफू, मशरूम आणि ताज्या पुदिन्या-तुळशीच्या पानांचे जेवण अवश्य चाखू द्यावे.

सहकारनगरवासी:
आपणा दोघांचे मनापासून आभार. यजमानांशी बोलले, तेत उरकल्यावर मार्चच्या सुरुवातीला जाण्याचे ठरत आहे आणि दक्षिण भाग वगळला आहे. सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक असल्याने मध्य भागातील शिवमंदिरांविषयी त्यांना विशेष ओढ आहे. तेथे त्यांना चालवेल का? व्हिसाचेही सांगावे.

पेठेतला प्रवासी:
त्यांना 'मी सन' हे ठिकाण अवश्य दाखवावे. पूर्वी मध्य व्हिएतनामवर राज्य करणाऱ्या चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांत उभारलेला हा विटांच्या मंदिरांचा समूह होई आनपासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. राजा भद्रवर्म्याने येथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि येथील शिलालेखांत संस्कृत आहे, हे त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल. 1969 मधील अमेरिकी बाँबफेकीत येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. उरलेल्यांपैकी काही मंदिरांच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले आणि त्याच कामात 2020 साली नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. आदल्या दिवशी दा नांगचे चाम शिल्पांचे संग्रहालय पाहिल्यास मूर्तींचा संदर्भ लागतो, कारण मी सनमधील उत्तम शिल्पे तेथे हलवलेली आहेत.

चालण्याची फारशी काळजी नको. प्रवेशद्वारापासून मंदिरांजवळपर्यंत विजेवर चालणारी गाडी जाते, पुढची वाट बहुतांशी सपाट आहे. ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे. दा नांगहून उत्तरेकडील हुए या शहराला जाताना मोटारीऐवजी रेल्वे घ्यावी. है वान घाटात ती समुद्राला बिलगून जाते. समुद्र उजव्या हाताला असतो, त्या बाजूच्या जागा मिळतात का ते पाहावे.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. एका प्रवेशाचे शुल्क 25 डॉलर आहे. नाव पारपत्रावर आहे तसेच, वडिलांच्या नावासह तंतोतंत लिहावे आणि मुंबईहून ज्या विमानतळावर उतरणार तोच अर्जात निवडावा. ज्येष्ठांच्या पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक आहे ना, हे तिकिटे काढण्याआधी पाहून घ्यावे.