झोपाळ्याखालचे पेव्हर

सोसायटी ग्रुप, कुर्टी-फोंडा. मे अखेरचा शनिवार.

ए-१०४ सेक्रेटरी, सायं. ७.०५
सर्व सभासदांना कळवण्यात येते की आवारातील झोपाळ्यावरून पडून बी-२०२ मधील मुलाच्या हाताला दुखापत झाली आहे. पुढील सूचनेपर्यंत झोपाळा बंद. पालकांनी आपापल्या मुलांवर लक्ष ठेवावे.

सी-३०१ वहिनी, ७.११
अगो बाय! कसा आहे तो आता?

बी-२०२ बाबा, ७.४०
कोपराच्या जरा वर हाड मोडलंय. रात्रीच ऑपरेशन करून तारा घालणार. बोटं हलवतोय. भूक लागली म्हणून रडतोय, पण भूल द्यायची म्हणून काही खायला द्यायचं नाही.

ए-२०१ काका, ७.५२
रागावू नका, पण हल्ली आया बाकावर बसून फोनमध्ये डोकं घालतात. आमच्या वेळी असं नव्हतं.

बी-२०२ आई, ७.५८
मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते काका. फोन घरी चार्जिंगला होता. साखळी वरून एका बाजूने सुटली, पाट तिरका झाला आणि तो हातावर पेव्हरवर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय.

सी-२०४, ८.०१
(गुलाबाचा फोटो) शुभ रात्री

सी-२०४, ८.०१
सॉरी, चुकून या ग्रुपवर आलं.

बी-३०३, ८.१५
रात्री अकरानंतर बाहेरची पोरं येऊन त्या झोपाळ्यावर दोघं-दोघं बसतात. वॉचमनला सांगून दमलो.

सी-१०२ फोरमनकाका, ८.४४
टॉर्च आणि शिडी घेऊन खाली जाऊन आलो. साखळी तुटलेली नाही, धड आहे. तिला वरच्या दांड्याला अडकवणारा एस हुक उघडलाय. कॅलिपर लावला. मूळ गज १० मिमीचा, आतल्या वळणाला जिथे कडी घासते तिथे ६ उरलाय. दुसऱ्या बाजूचा ७, म्हणजे तोही रांगेत उभाच होता. खाणीवर असताना उचलायच्या साखळीची कडी दहावा हिस्सा झिजली की आम्ही ती भंगारात टाकायचो. पोरं बसली असतील बाहेरची, पण हे दोन रात्रींचं काम नव्हे, वर्षानुवर्षांची झीज आहे. चवथीच्या आधी दर वर्षी रंग मात्र न चुकता मारतो आपण. हुकावर थर दिसतात, पिवळा, हिरवा, निळा. कुणी वर मान करून बघितलं नाही. त्यात मीही आलो, रोज संध्याकाळी समोरच्याच बाकावर बसतो.

सी-१०२ फोरमनकाका, ८.५१
पण हुक उद्या बदलता येईल. मला खुपतात ते खालचे पेव्हर. पावसात चिखल होतो, मुलं जिन्यात लाल पाय उमटवतात, म्हणून गेल्या वर्षी आपण सगळ्यांनी हात वर करून ते बसवले. हुक नवाकोरा असता तरी कधीतरी कुणाचा तरी हात सुटलाच असता. मुलं पडतातच. चिखलात पडून तो फार तर लाल होऊन घरी गेला असता.

ए-१०४ सेक्रेटरी, ८.५८
पेव्हरचा ठराव सर्वानुमते झाला होता, नोंद आहे.

सी-१०२ फोरमनकाका, ९.०३
नोंद आहेच, सेक्रेटरीबाब. माझीही सही आहे खाली.

ए-१०४ सेक्रेटरी, ९.०६
तूर्त 'आपल्या जबाबदारीवर खेळावे' असा बोर्ड लावून घेतो. म्हणजे पुढे सोसायटीवर काही येणार नाही.

ए-२०३ वकील, ९.१७
लावा, पण बोर्ड लावला म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. पाच वर्षांचं मूल तो वाचणार, समजणार आणि पटवून घेणार काय? दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्या खटल्यात १९६६ साली सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं. दोष बाहेरून दिसत नव्हता ही सबब चालली नाही, कारण जुन्या बांधकामाची वेळोवेळी तपासणीच झाली नव्हती. ती रस्त्याकडेची इमारत होती, आपला झोपाळा जसाच्या तसा त्यात बसतो असं मी म्हणणार नाही. पण उद्या कुणी विचारलं की शेवटची तपासणी कधी केली, तर काय दाखवणार? रंगाचं बिल?

बी-१०१ आजी, ९.२४
घसरगुंडी तरी ठीक आहे ना गो? मी रोज नातवाला मांडीवर घेऊन घसरते. एकटा सोडायला भीती वाटते.

ए-३०२ डॉक्टर, ९.३१
आजी, मांडीवर घेऊन नको. मुलाच्या बुटाचा तळवा कडेला घासून अडकतो, वर तुमचं वजन खाली ढकलत असतं, आणि पाय पिळला जाऊन नडगीचं हाड मोडतं. एकटा असला तर त्याचं वजन हलकं, पाय अडकला तरी तो नुसता थांबतो. एकट्याने घसरता येत नसेल तर अजून घसरगुंडीचं वय झालं नाही, इतकंच. आणि मिरग आला की सगळी रेनकोट घालून उतरणार. टोपीच्या नाड्या काढून टाका. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला नाडी अडकली तर फास गळ्यालाच बसतो.

बी-१०१ आजी, ९.३३
बरं. उद्यापासून खाली उभी राहते.

बी-३०३, ९.४०
पेव्हर काढून वाळू टाकू. मिरामारहून एक पिकअप भरून आणतो, फुकटात काम.

ए-२०३ वकील, ९.४२
फुकटात नाही, खटल्यात. किनाऱ्यावरची वाळू उचलायला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची, बंदी आहे. नदीची वाळूही परवान्याशिवाय काढता येत नाही. घ्यायचीच तर बिल देणाऱ्याकडून.

सी-१०२ फोरमनकाका, ९.५५
शिवाय समुद्राची वाळू खारी, खांबांचे पाय खाऊन टाकील. जावयाने अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मैदानांवरची पुस्तिका पाठवली, ती वाचतोय. काँक्रीट-डांबर सोडा, ते नुसती माती आणि हिरवळही पडायला पुरेशी धरत नाहीत. दबून बसलेली ९ इंच वाळू ४ फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळते. लाकडाच्या ढलप्या ९ इंच असल्या तर १० फुटांपर्यंत. वाळू भिजली की घट्ट बसते, म्हणजे आपल्याकडे चार महिने तिचा भरवसा नाही, आणि मांजरांची सोय होईल ती वेगळी. ढलप्या कुजतात, त्यात दर वर्षी भर घालावी लागेल, खाली पाणी निचरायला खडी लागेल. रबराचं फ्लोअरिंग महाग, पण तेही पडण्याच्या उंचीप्रमाणे जाड घ्यावं लागतं. दुकानदार दाखवील ती पातळ रंगीत टाइल नव्हे.

अजून एक. झोपाळ्याचा दांडा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मऊ हवी. आपला दांडा ८ फूट, म्हणजे १६ फूट. टेप लावून बघितलं, मागे ९ फुटांवर कुंपणाची चिऱ्यांची भिंत आहे. म्हणजे झोपाळा चुकीच्या जागी उभा आहे, आणि तो उभा करताना भिंत तिथेच होती. घसरगुंडीच्या कठड्याच्या गजांत ५ इंचांची फट. साडेतीन ते नऊ इंचांची फट वाईट, अंग पायांकडून आरपार जातं आणि डोकं अडकतं.

सी-३०१ वहिनी, १०.०२
मग सगळं काढूनच टाकायचं का? मुलं खेळणार कुठे? पार्किंगमध्ये गाड्यांमागे?

सी-१०२ फोरमनकाका, १०.०६
काढायचं नाही हो. झोपाळा आंब्याकडे सरकवू, तिथे मोकळं आहे आणि अजून पेव्हर पोचलेले नाहीत. तिथे ढलप्या. घसरगुंडीभोवती सगळ्या बाजूंनी ६ फुटांपर्यंतचे पेव्हर उचलू, गजांच्या मध्ये एकेक गज वेल्ड करू. हुक, साखळ्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बघतो आणि वहीत आकडे लिहितो. माझे गुडघे गेले की दुसरं कुणीतरी.

ए-१०४ सेक्रेटरी, १०.१५
रविवारी सकाळी १० वाजता तातडीची सभा. विषय: वरीलप्रमाणे. चहा-शिरा सोसायटीतर्फे.

ए-२०१ काका, १०.२१
बी-२०२ वहिनी, मघाशी मी उगाच बोललो. पेव्हर उचलायला मी आणि मुलगा दोघंही आहोत. रात्री हॉस्पिटलात काही लागलं तर फोन करा, गाडी खालीच आहे.

बी-२०२ बाबा, ११.३८
ऑपरेशन झालं. झोपलाय. ही पण बाकावर झोपली.

ए-१०४ सेक्रेटरी, ११.४१
देव पावला. काळजी घ्या. एक विचारायचं होतं, वॉचमनचा आत्ता फोन आला, झोपाळ्याचा पाट आणि दोन्ही साखळ्या जागेवर नाहीत. चोरीला गेल्या काय?

सी-१०२ फोरमनकाका, ११.४४
माझ्या गॅलरीत आहेत. जागा बदलेपर्यंत मागू नका.